दार नव्हे, धार

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुनी वस्तू बोलायला लागली की ती उसासे टाकणार, आपल्या तरुणपणाचे गोडवे गाणार, असे तुम्ही धरून चालता. माझे तसे नाही. माझे दिवस सरले याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण एका गाण्यातली अक्षरे लोकांनी माझ्यासमक्ष बदलली, आणि वर त्या बदलाचा साक्षीदार म्हणून मलाच उभे केले. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्यासारखे यंत्र पाहिलेही नसेल. माझे झाकण उघडायचे, आत कॅसेट ठेवायची आणि बटण दाबायचे. कॅसेट म्हणजे तळहाताएवढी चपटी डबी. तिच्यात लांबच लांब तपकिरी फीत गुंडाळलेली असते. ती फीत माझ्या हेडवरून सरकत जाते. हेड म्हणजे नखाएवढा, चकचकीत धातूचा तुकडा. तोच माझा कान आणि तीच माझी जीभ. जे ऐकतो तेच बोलतो. माझ्याजवळ स्वतःचे असे काही नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसत असे. प्रत्येक यंत्रात ती काही शब्द बोलायची आणि ते पुन्हा ऐकायची. माझ्यात ती म्हणाली, "बटाटा, भाकरी, दगड, धोंडा." मी ते जसेच्या तसे परत म्हटले. तिने माझ्या पाठीवर शिक्का मारला. बऱ्याच दिवसांनी मला कळले की तिने ते शब्द उगाच निवडले नव्हते. ब आणि भ, द आणि ध. ज्यांच्यात फक्त एका श्वासाचा फरक आहे, ती अक्षरे मला वेगळी ओळखता येतात का, हे ती बघत होती. मला येत होती. उत्तम येत होती.

मला विकत घेतले ते एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या सरांनी. सर मनाने वाईट नव्हते. हे मी रागातसुद्धा सांगतो, कारण ते खरे आहे. त्यांना कष्टकरी बायकांची गाणी गोळा करण्याचे वेड होते. मला खांद्याला अडकवून ते वस्त्यांमध्ये, धुण्याच्या घाटांवर, कारखान्यांच्या फाटकांशी जायचे. मी भरपूर ऐकले. बायका हसत गायच्या, लाजत गायच्या, एखादी मध्येच शब्द विसरून दुसरीच्या पाठीत धपाटा घालायची. मी सगळे जपून ठेवले. ते माझे चांगले दिवस होते.

असेच एकदा आम्ही कपडे शिवण्याच्या एका कारखान्यात गेलो. तिथे कापड कापण्याची एक लांब शेड होती. लांबलचक टेबलांवर कापडाचे थर आणि प्रत्येक बाईच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत येईल एवढी मोठी कात्री. जेवणाची सुट्टी झाली होती. बायका शेडच्या बाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सरांनी मला मध्ये एका पेटीवर ठेवले.

"काय गायचं?" एकीने विचारले.

"तुम्ही जे गाता ते. घरातली गाणी, मुलांना झोपवायची गाणी, काहीही."

"झोपायला सवड कुणाला आहे इथं?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मग कुणीतरी म्हणाले, "थोरले, तू म्हण की तुझं."

थोरली म्हणजे एक उंच, रुंद हाडाची बाई. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी कात्री धरून धरून मोठा घट्टा पडलेला होता. ती आधी नको म्हणाली. बायकांनी आग्रह केला.

"कुणासाठी म्हणता हे गाणं?" सरांनी विचारले.

"धाकटीसाठी," ती म्हणाली.

"वा, छान," सर म्हणाले आणि गाणे भरून घेण्यासाठी त्यांनी माझी दोन्ही बटणे एकदम दाबली.

तिचा आवाज गोड नव्हता. खालचा, घट्ट, थोडा खरखरीत होता. चाल संथ होती. तिने जे गायले ते असे:

दिवस बुडाला, धार लाव गं,
दमली पाती, धार लाव.
झोप कुणाला येते बाई,
धाकटी जागी, धार लाव.

चार ओळी झाल्या आणि सरांनी बटण दाबून मला थांबवले. थोरलीचे तोंड उघडेच राहिले. पुढचे कडवे तिच्या ओठांवर आलेले होते. पण अंगाई चार ओळींचीच असते असे सरांच्या मनाने घेतले होते.

"फार सुंदर," सर म्हणाले. "पुस्तक निघालं की तुम्हाला एक प्रत पाठवतो."

ती प्रत तिला कधी मिळाली नाही. आणि मला आजही नवल वाटते, की समोरच्या बाईला सगळ्या जणी 'थोरली' म्हणतात, ती 'धाकटीसाठी' गाते, तर ही धाकटी कोण, कुठे आहे, आत्ता इथे का नाही, एवढेसुद्धा त्या शिकलेल्या माणसाला विचारावेसे वाटले नाही. धाकटी म्हणजे हिची लहान मुलगी, हे त्यांनी परस्परच ठरवून टाकले.

घरी आल्यावर सर गाणी लिहून काढायला बसले. बसले कसले, पलंगावर आडवे झाले. वर पंखा घरघरत होता. मी त्यांच्या पोटाशी. माझे हेड तेव्हा आरशासारखे स्वच्छ होते. मी म्हटले, "धार लाव गं." त्यांनी कागदावर लिहिले, "दार लाव गं." मी म्हटले, "दमली पाती." त्यांनी लिहिले, "दमल्या राती." तिसऱ्या ओळीशी मात्र ते अडखळले. त्यांनी फीत मागे नेली आणि पुन्हा ऐकली. मी पुन्हा म्हटले, "झोप कुणाला येते बाई." मित्रांनो, याहून स्पष्ट मी काय बोलणार होतो? सरांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिले, "झोप फुलाला येते बाई."

"ऐकलंस का," त्यांनी आत काम करणाऱ्या बायकोला हाक मारली. "झोप फुलाला येते. काय कल्पना आहे बघ."

सरांची बायको दवाखान्यात नर्स होती. ती हात पुसत दारात आली. "कारखान्यातल्या बायका असं गातात?"

"अगं, यालाच लोकप्रतिभा म्हणतात."

"असेल," ती म्हणाली आणि आत गेली.

अंगाई ऐकायची असे ठरवून ऐकायला बसले की अंगाईच ऐकू येते. पात्यांच्या राती होतात, धारेचे दार होते आणि 'झोप कुणाला येते' असे रागाने विचारणारी बाई फुलाला झोपवायला लागते. मी रडकुंडीला येऊन तीच ओळ पुन्हा म्हणू शकलो असतो, पण बटण त्यांच्या हातात होते. शंका आली होती ना? मग तो कारखाना बसच्या दुसऱ्या थांब्यावर होता. थोरली रोज तिथे कामाला येत होती. जाऊन विचारायचे होते.

पुस्तक निघाले. त्याचे कौतुक झाले. समारंभात मलाही टेबलावर शोभेला ठेवले होते. एका विद्वान गृहस्थांनी 'दार लाव' या दोन शब्दांवर बराच वेळ भाषण केले. दार म्हणजे घराची ऊब, दार म्हणजे आईची माया, बंद दाराआड बाळ कसे सुरक्षित असते, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बंद होतो. बंद यंत्राला बोलता येत नाही.

पुढे सरांचे वय झाले, बाजारात नवी यंत्रे आली आणि मी कपाटाच्या माथ्यावर गेलो. कुणी माझ्यावर फडके टाकले नाही. धूळ माझ्या झाकणातून आत शिरली. फितीची भुकटी आणि धूळ मिळून माझ्या हेडवर तपकिरी पापुद्रा बसला. फीत फिरवणारा माझ्या आतला पट्टा सैल पडला. असे किती काळ चालले ते मला सांगता येणार नाही. कपाटावर दिवस मोजायला काही नसते.

मग एका दुपारी दाराची घंटी वाजली. मी आवाज लगेच ओळखला. तो आता म्हातारा झाला होता, पण तोच होता. खालचा, घट्ट.

"सर, तुम्हीच ना? मला थोरली म्हणतात. तुम्ही आमच्या शेडमध्ये आला होता."

तिच्याबरोबर तिची नात होती. नातीच्या हातात शाळेचे पुस्तक होते. सरांच्या पुस्तकातले ते गाणे आता शाळेच्या पुस्तकात गेले होते, चंद्र आणि पाळण्याच्या चित्रासह. नात ते घरी गुणगुणत होती. आजीने तिला तिथेच थांबवले होते आणि पुन्हा म्हणायला लावले होते. मग पुस्तक हातात घेऊन, शब्दाखाली बोट ठेवत, स्वतः वाचले होते.

"सर, इथं 'दार' छापलंय," थोरली म्हणाली.

"हो. दार लाव. तुमचीच अंगाई ना ती? आज सगळ्या शाळांमधून म्हणतात."

"ती अंगाई नाही. आणि दार नाही. धार. धारेचा ध."

सर हसले. समजूत घालताना मोठी माणसे हसतात तसे. "बाई, खूप वर्षं झाली. आपल्या आठवणीत थोडाफार फरक पडतो. वाद कशाला, ऐकूनच बघू की."

त्यांनी मला खाली काढले, फुंकर मारली, ती जुनी कॅसेट शोधून माझ्यात घातली आणि बटण दाबले. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण 'द' आणि 'ध' यांच्यात असतो तो फक्त एक बारीक श्वास, आणि तो श्वास माझ्या हेडवरच्या घाणीने गिळून टाकला. माझ्या तोंडून आले ते जाड, बसलेले, "दार लाव गं."

"बघा," सर म्हणाले. "माणूस चुकेल, पण यंत्र काही खोटं बोलत नाही."

आयुष्यात मला एवढा संताप कधी आला नव्हता. ज्याने मला कधी पुसले नाही, तोच माणूस माझ्या बसलेल्या आवाजाचा दाखला देऊन त्या बाईला तिच्याच गाण्यात खोटे पाडत होता. मला आपटून फोडले असते तरी चालले असते.

थोरली म्हणाली, "आवाज माझा आहे. पण मी असं गायले नाही. तोंडात बोळा कोंबल्यासारखं येतंय हे."

सरांची बायको मघापासून उभी राहून ऐकत होती. तिने पुढे येऊन माझे झाकण उघडले आणि आत डोकावून पाहिले.

"अहो, हे आत कधी पुसलंत?"

"पुसायचं असतं?"

ती आत जाऊन स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आली. एखाद्या जखमेची पट्टी बदलावी तसे तिने माझे हेड पुसले. कापूस काळपट तपकिरी झाला. तो तिने सरांसमोर टेबलावर ठेवला. दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. मग तिने स्वतःच बटण दाबले.

मी बोललो. धार. पाती. कुणाला. तिन्ही शब्द, एकेक अक्षर, जसे त्या बाईने म्हटले होते तसे. नात पुस्तकात बघत होती आणि तिचा चेहरा बदलत गेला.

सरांनी कापसाचे बोळे एकेक करून बाजूला सारले. "खरं आहे," ते शेवटी म्हणाले. "ऐकण्यात चूक झाली. पण असं आहे बाई, 'दार' मध्येही एक गोडवा आहे. आणि आता लोकांनी ते स्वीकारलंय."

"लोकांनी तुमच्याकडून ऐकलं," थोरली म्हणाली. "माझ्याकडून कुणी ऐकलंय?"

"तरीही, एका अक्षराने एवढं काय बिघडतं?"

तेव्हा तिने सांगितले. नातीकडे पाहून ती आधी थांबली, मग म्हणाली, "ऐकू दे तिलाही. मोठी झाली आता."

"धाकटी म्हणजे माझी बहीण," ती म्हणाली. "आम्ही दोघी एकाच शेडमध्ये होतो, म्हणून मला थोरली म्हणायचे, तिला धाकटी. मुकादम संध्याकाळी जास्तीच्या कामाला थांबवून घ्यायचा आणि बाहेरून कुलूप लावायचा. कुणी लवकर निघून जाऊ नये म्हणून. एकदा चिंध्यांचा ढीग पेटला. बघता बघता धूर झाला. आम्ही दार वाजवलं, हाका मारल्या. मुकादम चहाला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. खिडक्यांना बारीक तारेची जाळी होती. आम्ही कात्र्या घेऊन जाळीला भिडलो. माझ्या कात्रीला धार होती. माझ्या बाजूची जाळी फाटली. धाकटी धुरापलीकडच्या खिडकीशी होती. तिची कात्री बोथट झालेली. धार लावून द्या म्हणून ती कितीतरी दिवस मुकादमाच्या मागे लागली होती. तो म्हणायचा, उद्या बघू."

तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"आम्ही बाहेर पडलो. ती नाही आली. मी परत आत जायला बघत होते, मला चौघींनी धरून ठेवलं. तेव्हापासून घरी निघायच्या आधी आम्ही आमच्या कात्र्यांना स्वतः धार लावायचो. रोज. कुणाला सांगायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही. नव्या मुली यायच्या, त्यांनाही लावायला शिकवायचो. त्याचं हे गाणं आहे, सर. आणि तुम्ही पोरांच्या पुस्तकात छापलंय, दार लाव."

मी इतकी वर्षे ते गाणे पोटात घेऊन होतो आणि धाकटी कोण हे मलाही त्या दिवशीच कळले. मी शब्द ओळखतो. शब्दांमागचे माणूस ओळखायला विचारावे लागते, आणि यंत्राला विचारता येत नाही. सरांना येत होते.

"मला माहीत नव्हतं," सर म्हणाले.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याच दिवशी सांगितलं असतं."

सरांनी शाळेची पुस्तके काढणाऱ्या मंडळाला कळवायचे कबूल केले आणि खरोखरच कळवले. मला वाटले, आता झाले. शाळेच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. थोरली ती घेऊनच पुन्हा सरांच्या घरी आली. गाणे जसेच्या तसे होते. पाळणा होता, चंद्र होता, 'दार' होते, 'फुलाला' होते. फक्त पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते: 'पाठभेद: काही ठिकाणी "धार" असेही गातात.'

"काही ठिकाणी म्हणजे कुठं?" थोरलीने विचारले. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच सरांना वर बघवेना. "मी काय ठिकाण आहे?"

"तशी पद्धत असते," सर म्हणाले. "दोन रूपं मिळाली की एक वर ठेवतात, एक खाली देतात. त्याला पाठभेद म्हणतात."

"मी गायले ते खाली आणि तुम्ही चुकून ऐकलं ते वर?"

सरांनी पुस्तक मिटून तिच्यासमोर ठेवले.

"हे यंत्र मला द्या," ती म्हणाली. "आणि ती कॅसेट. माझा आवाज तुमच्या कपाटावर कशाला?"

सर घुटमळले. ते म्हणत होते की संग्रह एकत्र असलेला बरा, अभ्यासकांना लागतो. तोवर त्यांच्या बायकोने मला एका पिशवीत घातलेसुद्धा. बरोबर स्पिरिटची बाटली आणि कापसाची पुडी ठेवली. "महिन्यातून एकदा तरी पुसा," तिने नातीला सांगितले. असा मी थोरलीच्या घरी आलो. दोन खोल्यांचे घर. मला खिडकीपासून दूर, शिवणयंत्राशेजारी जागा मिळाली. अंगावर स्वच्छ फडके मिळाले.

थोड्याच दिवसांत नातीच्या शाळेचे स्नेहसंमेलन आले. त्यात तिचा वर्ग तेच गाणे सादर करणार होता, हावभावांसह. 'मूळ गायिका' म्हणून थोरलीला बोलावणे आले होते. सरांनाही होते. घरातले म्हणाले, जाऊ नकोस, उगाच त्रास होईल. थोरली म्हणाली, "जाणार. आणि हे यंत्रही नेणार."

शाळेचे सभागृह पालकांनी गच्च भरले होते. रंगमंच उजळ दिसावा म्हणून पडदे ओढलेले होते. दुपार असूनही आत अंधार होता. मुले झोपायचे कपडे घालून, हातात उशा घेऊन आली. 'दार लाव गं' म्हणताना ती हात जोडून दोन फळ्या मिटल्यासारखे करायची. 'झोप फुलाला' म्हणताना सगळी जांभई द्यायची. पालक कौतुकाने हसत होते. थोरलीची नात शेवटच्या रांगेत होती. ती ओठ मिटून उभी होती.

मुख्याध्यापिकांनी थोरलीला मंचावर बोलावले. "आपल्या लाडक्या अंगाईच्या मूळ गायिका आज आपल्यात आहेत. त्या दोन शब्द बोलतील."

थोरली माइकसमोर गेली. मला तिने टेबलावर ठेवले. तिने सभागृहाकडे नीट पाहिले, भिंतींकडे पाहिले.

"आधी ते दार उघडा," ती म्हणाली.

"कुठलं?" मुख्याध्यापिकांनी गोंधळून विचारले.

"ते बाजूचं. कुलूप लावलंय ते."

"ते बंदच असतं, आजी. नाहीतर मुलं कार्यक्रमातून मैदानावर पळतात."

"उघडा. मग मी बोलते."

शिपायाला बोलावले. किल्ली त्याच्याकडे नव्हती, कार्यालयात होती. कार्यालयाला कुलूप होते आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते ते कारकून बाहेर गेले होते. कुणीतरी त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. थोरली माइकसमोर तशीच उभी होती, हात टेबलावर ठेवून. सुरुवातीला लोक कुजबुजले, कुणी हसले. मग हसणे थांबले. उघडे असे मागचे एकच दार होते आणि त्याच्यासमोर जास्तीच्या खुर्च्यांची रांग लावलेली होती, हे आता एकेकाच्या लक्षात यायला लागले. एक बाप उठून बाजूच्या दाराशी गेला आणि त्याने ते ढकलून पाहिले. एका आईने मंचावरच्या आपल्या मुलाला हाताने खुणावून जवळ बोलावून घेतले. शेवटी किल्ली आली. ती दुसऱ्याच कुलपाची निघाली. पुन्हा शिपाई पळाला.

ते दार उघडले तेव्हा पालकांमधल्या दोघांना खांदा लावावा लागला. लाकूड फुगलेले होते. उजेड आत आला, वारा आला.

"एवढा वेळ लागला," थोरली म्हणाली. "तेव्हाही लागला होता."

आणि तिने ती गोष्ट सांगितली, सरांच्या घरी सांगितली तशीच, कमीच शब्दांत. उशा घेतलेली मुले मंचावर बसून ऐकत होती. मग ती म्हणाली, "आता गाणं ऐका. पूर्ण." नातीने पुढे येऊन माझ्यात कोरी कॅसेट घातली आणि दोन्ही बटणे दाबली. थोरली गायली. पहिले कडवे झाले, आणि मग ते कडवे आले जे आजवर माझ्यात नव्हते:

कुलूप बाहेर, धार लाव गं,
जाळी तारेची, धार लाव.
हाक मारून घसा बसला,
हात चालू दे, धार लाव.

टाळ्या वाजल्या नाहीत. कुणाला वाजवाव्याशा वाटल्या नसाव्यात. पुढच्या रांगेतून सर काठी टेकत उभे राहिले. त्यांना माइक द्यायला कुणी धावले, पण त्यांनी नको म्हटले. "दार मी लिहिलं," ते म्हणाले. "त्यांनी धार म्हटलं होतं. मी ऐकलं नाही." आणि ते खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांचा हात हातात घेतला. माझा त्यांच्यावरचा राग तेव्हा थोडा उतरला. थोडाच.

मुख्याध्यापिकांनी ते कुलूप शिपायाच्या हातून काढून घेतले आणि आपल्या पर्समध्ये टाकले. ते पुन्हा त्या दाराला लागलेले नाही, असे नात सांगते. खुर्च्यांची रांगही आता भिंतीकडे लावतात. त्या शाळेत मुले 'धार लाव' म्हणतात, उशांशिवाय, उभी राहून.

पण बाकीच्या शाळांचे काय? तिथे अजून पाळणा आणि चंद्र आहे. मोबाइलवर त्या गाण्याची एक चकचकीत आवृत्ती फिरते, मागे घुंगरांचा आवाज टाकलेली. हजारो आया ती लावून बाळांना झोपवतात. त्यांचा दोष नाही. ज्यांनी चूक कळल्यावरही ती वर ठेवली आणि खरे खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत टाकले, त्यांचा दोष आहे. पुढच्या आवृत्तीत बघू, असे ते म्हणतात.

मित्रांनो, मी आता फार काळ चालणार नाही. थोरलीही क्वचितच गाते, तिला लवकर धाप लागते. नात मला नेमाने पुसते, म्हणून मी आज एवढे स्पष्ट बोलू शकलो. तुमच्या घरात एखादे बोलणारे यंत्र असेल तर त्याला धूळ खात ठेवू नका. पण माझे मागणे तेवढ्यावर संपत नाही. कुणाचे गाणे लिहून घेणार असाल तर ते पूर्ण ऐका, आणि लिहिलेले त्या माणसाला वाचून दाखवा. ते माणूस 'नाही' म्हणाले तर खोडा आणि पुन्हा लिहा. आणि ज्या खोलीत माणसे बसलेली आहेत, तिच्या दाराला बाहेरून कुलूप घालू नका, कोणत्याही कारणाने. कुठे दिसले तर उघडायला सांगा आणि ते उघडेपर्यंत तिथून हलू नका. एवढे केलेत की माझा राग जाईल. तोवर तो माझ्यापाशी राहू द्या.